व्यासगुहेचं दर्शन

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात काल्याच्या आदल्या दिवशी केलेल्या निरूपणाचा मजकूर)



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. मंडळी म्हणाली, "बुवा, दोन शब्द बोला, पुस्तकात छापायचे आहेत." आम्ही म्हटलं, दिंडीचा इतिहास सांगणारे आमच्यापेक्षा जाणते लोक इथे बसलेत. आम्हाला एका दर्शनाची गोष्ट सांगू द्या. दर्शन लांबचं आहे, हिमालयातलं. पण ते फिरून आपल्या दिंडीच्या तंबूतच येतं, म्हणून सांगतो. त्यात आमची एक चूकही आहे. शंभरीच्या सोहळ्यात स्वतःची चूक सांगावी का, असा विचार मनात आला होता. पण काल्यात प्रत्येकाची शिदोरी पडते. आमची शिळी असली म्हणून ती फडक्यात बांधून ठेवायची काय?

आधी आमची ओळख देतो. आम्ही चौथी शिकलेलो. 1972 चा दुष्काळ पडला, त्या साली शाळा सुटली आणि आईबापाबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला बसलो. सुकडी खाऊन दिवस काढले. आमच्या शेजारी गावातले एक म्हातारे वारकरी खडी फोडायचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ज्ञानेश्वरीच्या ओव्या तोंडपाठ. ते ओवी म्हणायचे आणि त्यांचा हातोडा ओवीच्या चालीवर पडायचा. आम्ही त्यांच्या मागून म्हणायचो. दुष्काळ सरला तेव्हा पहिल्या अध्यायाचा मोठा भाग आमच्या तोंडी बसला होता. शाळेत परत काही गेलो नाही. तेव्हा आमचं शिक्षण झालं ते कानानं. ते म्हातारे बाबा आमचे गुरू. त्यांना आम्ही अर्थ कधी विचारला नाही. तशी विचारायची रीत नव्हती, आणि त्यांनाही कुणी सांगितला नसेल.

पुढे कीर्तनं करू लागलो. पस्तीस वर्षं झाली. आवाज देवानं बरा दिलाय, पाठांतर पक्कं, त्यामुळे ओवीवर ओवी, अभंगावर अभंग, कुठे अडलो नाही. लोक म्हणायचे, बुवा म्हणजे वाहतं पाणी. ऐकायला बरं वाटायचं.

आता 2018 च्या आषाढी वारीतली गोष्ट ऐका. लोणंदचा मुक्काम होता. रात्री तंबूत आम्ही गणेशवंदनावर बोललो. माऊलींनी ज्ञानेश्वरीच्या सुरुवातीला गणपती कसा उभा केलाय ते तुम्हाला माहीत आहे. सगळी शास्त्रं म्हणजे त्याचे अवयव. त्याच्या एका हातात मोडका दात आहे. त्या ओवीत 'वार्तिक' असा शब्द येतो. बोलणं संपलं, मंडळी पाया पडून उठली, आणि आपल्या दिंडीतला एक पोरगा पुढे आला. अकरावीला होता. टाळ चांगला वाजवायचा. म्हणाला, "आबा, वार्तिक म्हणजे काय?"

माऊली हो, आम्हाला माहीत नव्हतं. पस्तीस वर्षं तो शब्द तोंडातून गेला होता, पण त्याचा अर्थ आम्हाला माहीत नव्हता. पन्नास माणसं ऐकत होती. आम्ही काय केलं? आम्ही त्या पोरावर डाफरलो. म्हणालो, "चार बुकं शिकला म्हणून माऊलींच्या ओवीला चिमटे काढतोस? आधी गळ्यात माळ घाल, मग तोंड उघड." मंडळी हसली. पोरगा काही बोलला नाही. पंढरपूरपर्यंत चालला, पण त्याचा टाळ पिशवीतून परत निघाला नाही. त्यानंतर एकादशीच्या भजनाला तो आला नाही. आम्ही मनाला सांगितलं, हल्लीची पोरं, मोबाईलचा नाद, आणखी काय! ही आमची चूक. आता दर्शनाकडे चला.

2019 च्या वैशाखात आम्ही अठ्ठावीस जण बद्रीनारायणाला निघालो. रब्बीचं आवरलेलं, पेरणीला आणि वारीला अवकाश. हरिद्वारपर्यंत रेल्वे, पुढे बस. ऋषिकेशापासून बद्रीनाथ जवळजवळ तीनशे किलोमीटर. सगळा रस्ता नदीच्या कडेनं, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खोल दरी. वाटेत पाच प्रयाग लागतात. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा मिळतात आणि तिथून पुढे तिला गंगा म्हणतात. मग रुद्रप्रयागला मंदाकिनी, कर्णप्रयागला पिंडर, नंदप्रयागला नंदाकिनी आणि विष्णुप्रयागला धौलीगंगा येऊन मिळते. आम्ही शेतकरी माणसं. वैशाखात आमच्या ओढ्यानाल्यांना टिपूस नसतो, चंद्रभागेत वाळू चमकत असते. आणि इथे भर उन्हाळ्यात नदी दुथडी. उन्हानं बर्फ वितळतं आणि पाणी वाढतं. आमच्याबरोबरच्या एका म्हातारीनं बसच्या खिडकीतून हात जोडले आणि म्हणाली, "देवा, यातलं थोडं आमच्याकडं लाव की." आम्ही सगळे हसलो, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

बद्रीनाथला तप्तकुंडात आंघोळ केली. बाहेर हाडं गोठवणारा गारठा आणि कुंडातलं पाणी अंगाला सोसवेना इतकं कढत. दर्शन झालं. काळ्या पाषाणाचा नारायण, पद्मासनात तपाला बसलेला. आपला विठोबा विटेवर उभा, कमरेवर हात ठेवून भक्ताची वाट बघणारा. तिथला पुजारी, त्याला रावळ म्हणतात, तो थेट केरळातला. उत्तरेच्या टोकाचा देव आणि दक्षिणेच्या टोकाचा पुजारी. आपला हा देश कुणी कसा बांधलाय बघा!

तिथून तीन किलोमीटरवर माणा नावाचं गाव आहे. त्यापुढे तिबेटची हद्द. आम्ही गेलो तेव्हा तिथे 'भारतातलं शेवटचं गाव' अशी पाटी होती. 2023 साली ती बदलली आणि 'भारतातलं पहिलं गाव' अशी झाली, असं नंतर कळलं. गाव तेच, बघणाऱ्यानं तोंड फिरवलं की शेवटचं पहिलं होतं. उंची दहा हजार फुटांच्या वर. दगडी घरं, मधून चढाची फरसबंदी वाट. बायका दारात बसून लोकरीचे स्वेटर आणि टोप्या विणत होत्या. हातभर रुंदीच्या शेतात बटाटा लावायची तयारी चालली होती. फाफर नावाचं धान्यही ते घेतात. दिवाळीनंतर थंडी वाढली की सगळं गाव कुलूप लावून खाली उतरतं आणि उन्हाळा लागला की परत वर येतं. बद्रीनाथाचे दरवाजे हिवाळ्यासाठी बंद होतात, त्या वेळी या गावच्या मुलींनी विणलेली लोकरीची कांबळ तुपात भिजवून देवाच्या अंगावर पांघरतात. हे ऐकल्यावर आमच्या माउल्यांनी त्या विणणाऱ्या बायकांच्या पाया पडायला सुरुवात केली. त्या बिचाऱ्या लाजून आत पळाल्या.

गावातून चढून गेलं की आधी गणेशगुहा लागते आणि तिच्या वर व्यासगुहा. खाली डाव्या-उजव्या अंगाला दऱ्या, एकीतून अलकनंदा आणि दुसरीतून सरस्वती. दोन म्हाताऱ्यांना पाठीवरच्या टोपलीत बसवून गावातल्या तरुणांनी वर आणलं. आम्ही पायी चढलो. रोज वीस किलोमीटर चालणारे आम्ही वारकरी, पण तिथे शंभर पावलांवर धाप लागते. हवाच विरळ.

व्यासगुहा मोठी नाही. दगडाचं छत खाली आलेलं, वाकूनच आत जावं लागतं. आत व्यासांची मूर्ती आहे. आणि गुहेच्या वर जो खडक आहे, त्याचे थर एकावर एक असे बसलेत की पोथीची पानं रचून ठेवावीत. लोक त्याला व्यासांची पोथी म्हणतात. महाभारत इथे रचलं गेलं असं मानतात. महाभारत म्हणजे त्यात गीता आली. गीता म्हणजे ज्ञानेश्वरी आली. ज्ञानेश्वरी आली म्हणजे आपली दिंडी आली. आपण ज्या जागेवर बसून बोलतो तिला व्यासपीठ म्हणतो. गोपाळपूरला आपला काला होतो त्या आषाढी पौर्णिमेला व्यासपौर्णिमा म्हणतो. त्या व्यासांच्या दारात आम्ही उभे होतो. आम्हाला वाटलं, आता पस्तीस वर्षांची सेवा रुजू करायची.

टाळ काढले. हरिपाठ सुरू केला. आणि आमचा दम पुरेना. दोन ओळी झाल्या की थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा दोन ओळी. कीर्तनात कधी न अडलेले आम्ही, व्यासांच्या दारात अडखळत होतो. कसाबसा हरिपाठ संपवून खाली बसलो.

तिथल्या पुजाऱ्यानं आम्हाला पाणी दिलं आणि हिंदीतून गोष्ट सांगितली. तुम्हाला ती ठाऊक आहे. व्यासांना महाभारत लिहून घ्यायला लेखक पाहिजे होता. गणपती तयार झाला, पण त्यानं अट घातली, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलटी अट घातली, अर्थ समजल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. मग व्यास मधूनमधून एखादा अवघड श्लोक घालायचे. गणपतीला विचार करायला थांबावं लागायचं, तेवढ्यात व्यास पुढचं रचून घ्यायचे.

ही गोष्ट आम्ही स्वतः शंभर वेळा तरी सांगितली असेल. व्यास किती हुशार, म्हणून लोकांना हसवलंय. पण त्या दिवशी, धाप लागलेली असताना, ती आम्ही पहिल्यांदा ऐकली. गणपती थांबायचा. बुद्धीची देवता, आणि त्याला श्लोक कळायला थांबावं लागायचं, त्याची त्याला लाज नव्हती. आणि आम्ही चौथी पास, पस्तीस वर्षांत एकदाही थांबलो नव्हतो.

त्याच वेळी आमच्या शेजारी त्या पोराचे वडील बसले होते. तेही यात्रेला होते. त्यांच्या मनात काही नव्हतं, सहज बोलून गेले, "आमचं बारकं असतं तर या पुजाऱ्याला प्रश्न विचारून भंडावून सोडलं असतं." आम्ही मान खाली घातली. त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे थोडं उतरून गेलं की भीमपूल. सरस्वती तिथे दोन कड्यांच्या फटीतून बाहेर पडते. पडते कसली, आदळते! पांढरंफेक पाणी, तोंडावर तुषार, आणि आवाज एवढा की शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. वर एक प्रचंड शिळा आडवी पडली आहे. पांडव स्वर्गाच्या वाटेनं चालले असताना द्रौपदीला पाणी ओलांडता येईना, म्हणून भीमानं ती टाकली असं सांगतात. आणि आणखी एक गोष्ट सांगतात. महाभारत लिहिताना सरस्वतीच्या आवाजाचा त्रास होऊ लागला, तिला हळू वाहायला सांगितलं, ती ऐकेना. तेव्हा शाप मिळाला की तू पुढे दिसणार नाहीस. कुणी म्हणतात शाप व्यासांनी दिला, कुणी म्हणतात गणपतीनं. खरंच, थोडं खाली केशवप्रयागाला ती अलकनंदेला मिळते आणि तिथून तिचं नाव संपतं.

आम्ही त्या पुलावर कठड्याला धरून बराच वेळ उभे राहिलो. व्यासांचं काम मोठं होतं, त्यांच्या शापाबद्दल आम्ही काय बोलावं? पण आम्ही ज्याला गप्प केलं ते कशासाठी? आमचं अज्ञान झाकण्यासाठी. आणि नाव संपलं तरी पाणी कुठे संपतं? ते अलकनंदेतून गंगेत जातं, प्रयागाला त्रिवेणीत गुप्त सरस्वती म्हणून आपण तिथे बुडी मारतो. त्या पोराचे प्रश्न काही आटले नसतील. ते कुठेतरी वाहतच असतील. फक्त आमच्या दिंडीतून ते दिसेनासे झाले, ते आमच्या तोंडच्या शब्दानं.

परत आलो. बाकीचे मावंद्याची तयारी करत होते. आम्ही संध्याकाळी त्या पोराच्या घरी गेलो. तो गोठ्यात धार काढत होता. आम्ही गंगाजलाची लहान बाटली त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "बाळ, वार्तिक म्हणजे काय ते आम्हाला माहीत नाही. लोणंदलाही माहीत नव्हतं."

पोरगा उठून उभा राहिला. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आबा, तेवढंच सांगायचं होतं. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे, पण मी सांगण्याच्या लायकीचा नाही."

माऊली हो, हे वाक्य आमच्या काळजात अजून आहे. आमची लाज वाचावी म्हणून आम्ही डाफरलो, आणि त्या लेकरानं वर्षभर स्वतःला नालायक समजलं. असे आणखी किती जण आमच्या पुढ्यातून उठून गेले असतील?

मग आम्ही दोघं तो अर्थ शोधायला निघालो. वारीच्या आधी आळंदीला गेलो आणि एका संस्कृत जाणणाऱ्या वृद्ध महाराजांपुढे बसलो. आम्ही बासष्टीकडे झुकलेले नसलो तरी साठीच्या उंबऱ्यावर होतो, शेजारी मिसरूड फुटलेला पोरगा. दोघं एकाच शब्दासाठी. त्यांनी सांगितलं, मूळ ग्रंथात जे सांगितलंय, जे सांगायचं राहून गेलंय आणि जे चुकीचं सांगितलं गेलंय, या तिन्हींचा विचार ज्यात करतात त्याला वार्तिक म्हणतात. ऐकून आम्ही त्या पोराकडे बघितलं. आमचं सांगायचं राहून गेलेलं आणि आमचं चुकलेलं, दोन्ही त्यानंच तर दाखवलं होतं. तोच शब्द त्यानं विचारला होता आणि त्याच शब्दाचं काम त्यानं केलं होतं.

महाराजांनी आणखी एक दाखवलं. अठराव्या अध्यायाच्या अखेरीला माऊली म्हणतात की आपण व्यासांच्या पावलांचा माग काढत आणि भाष्यकारांना वाट विचारत विचारत आलो. शके 1212 साली एवढा मोठा ग्रंथ सिद्ध करणारे माऊली, आणि वाट विचारल्याचं स्वतःच्या तोंडानं सांगतात. आणि त्यांच्या नावानं गळ्यात वीणा घालणारे आम्ही, वाट विचारणाऱ्या पोराला दटावतो!

पुढचं थोडक्यात सांगतो. 2020 आणि 2021 अशी दोन वर्षं पायी वारी झाली नाही. माऊलींच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या आणि आपण घरात बसून रडलो. त्या दोन वर्षांत तो पोरगा आणि आम्ही रोज रात्री फोनवर ज्ञानेश्वरी वाचली. तो वाचायचा, आम्ही ऐकायचो. जिथे दोघांनाही कळेना, तिथे थांबायचो. नऊ हजारांवर ओव्या, अजून तेरावा अध्याय चाललाय. आता तो पोरगा चाकणला कारखान्यात लागलाय. पाळी सोडून सगळी वारी जमत नाही. दिवेघाटापासून जेजुरीपर्यंत येतो आणि परत जातो. पूर्ण वारी करतो असं आम्ही खोटं सांगणार नाही. पण जेवढं चालतो तेवढा त्याचा टाळ हातात असतो.

आणि आपल्या दिंडीत एक रीत सुरू झाली आहे. मुक्कामाचं कीर्तन झालं की अर्धा तास कुणीही काहीही विचारायचं. उत्तर आलं तर सांगायचं, नाही आलं तर 'माहीत नाही' म्हणायचं आणि वहीत लिहायचं. ती वही दिंडीच्या पेटीत ग्रंथाशेजारी ठेवलेली आहे. पहिलं पान त्या पोराच्या अक्षरातलं. एका माउलीचा प्रश्न आहे, उपासाला भगर चालते तर ज्वारी का चालत नाही? त्याचं उत्तर आम्हाला अजून पटेल असं कुणी दिलेलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर उद्या काल्याच्या आधी भेटा.

आमच्या आज्याच्या पिढीनं ही दिंडी काढली. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी ओव्या कानात जपून आमच्यापर्यंत आणल्या, हे त्यांचे उपकार. खडी फोडणाऱ्या त्या बाबांनी आम्हाला शब्द दिला नसता तर अर्थ कशाचा शोधला असता? शब्द सांभाळायचं काम त्यांनी केलं. पुढच्या शंभर वर्षांत नातवंडं अर्थ विचारतील. त्यांच्यावर डाफरू नका. बद्रीनाथाला जायला ज्याला जमेल त्यानं जरूर जावं, माण्याच्या वाटेवर सावकाश चढावं, गुहेत वाकून जावं. ज्याला जमणार नाही त्यानं एवढं करावं, घरातल्या लेकरानं हरिपाठातला एखादा शब्द विचारला की हातातलं काम ठेवून क्षणभर थांबावं.

बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. आणि काही चुकीचं सांगितलं असेल तर वही पेटीत आहे.

राम कृष्ण हरी!